रॉडवर तापलेली बादली

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत, शेजारच्या अल्सेशियन कुत्रीला गल्लीतला कुत्रा लागला. कुत्रीचा मालक कारखान्यात इंजिनिअर होता. चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या एका बंगल्यावरचा जातिवंत कुत्रा त्याने तिच्यासाठी ठरवला होता आणि पहिलं पिल्लू आपल्या साहेबांना कबूल केलं होतं. ती माजावर आली तेव्हा त्याने तिला मागच्या अंगणात जाड साखळीने बांधलं. साखळीमुळे तिला पळता येईना, आणि मेंदीचं कुंपण मात्र गुडघ्याएवढंच होतं. आलेला कुत्रा अख्ख्या गल्लीच्या पोळ्यांवर वाढलेला, कुणावर कधी न गुरगुरलेला. आंघोळीसाठी रॉड लावून तापवलेली बादली घेऊन शेजारी बाहेर आला, तशी आई कुंपणापाशी धावली. "भाऊजी, थांबा! गुंतलेत ते, आपोआप सुटतील!" "वहिनी, तुम्ही मधे पडू नका. साहेबांना काय हे खरकटं देऊ?" असं म्हणत त्याने वाफाळतं पाणी दोघांवर ओतलं. त्याची स्वतःची कुत्री जास्त किंचाळली. गल्लीतल्या कुत्र्याच्या पाठीची कातडी सोलून निघाली. वडिलांनी त्याला ओल्या चादरीत गुंडाळून रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेलं. आठवडाभरात तो मेला. कुत्रीच्या भाजलेल्या पाठीवर पुन्हा केस आले नाहीत. थंडी सरता सरता तिला पिल्लं झाली. त्यातलं उभ्या कानांचं एक निवडून शेजाऱ्याने साहेबांच्या घरी नेऊन दिलं, शुद्ध अल्सेशियन म्हणून.