पहिला पळस साडूभाऊंचा

ठाणे जिल्ह्यात वसंत ऋतू माझ्या थोरल्या साडूंना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याविषयी तिचं असं एकही ठाम मत नाही. म्हणजे मतं आहेत, पण ती सांगण्यासारखी नाहीत. साडू डोंबिवलीला राहतात, आम्ही ठाण्यात बाळकुमला. त्यांची तीन मजली जुनी इमारत, आमचा बावीस मजली टॉवर. आमच्याकडे लिफ्ट आहे, क्लब हाऊस आहे, सकाळी बागेत पाइपने पाणी मारणारा माणूस आहे. त्यांच्याकडे लिफ्टही नाही. आहे ते फक्त गॅलरीत घुसलेली आंब्याची एक फांदी. पण माघ सरत आला की सगळ्या नातेवाइकांचं लक्ष त्या फांदीकडे लागतं. आमच्या क्लब हाऊसविषयी आजवर एकाही पाहुण्याने दोन शब्द विचारलेले नाहीत.

आम्ही एकमेकांना ‘साडूभाऊ’ म्हणतो. तेही मला तेच म्हणतात आणि मीही त्यांना तेच म्हणतो, त्यामुळे बाहेरच्याला आमच्यात बरोबरीचं नातं आहे असं वाटतं. तसं काही नाही. वसंताच्या बाबतीत ते मालक आहेत आणि मी भाडेकरू. फेब्रुवारी लागला की एखाद्या दिवशी पहाटे फोन वाजतो. इतक्या पहाटे फोन आला तर माणूस दचकून उठतो, कुणाचं काय झालं म्हणून. मीही दचकतो आणि पलीकडून शांत आवाज येतो, ‘‘साडूभाऊ, मोहोर आला.’’ आला तर आला. तो काही पुन्हा जाणार नव्हता, चहा होईपर्यंत थांबला असता. पण हे मी मनात म्हणेपर्यंत बायकोने फोन हातातून घेतलेला असतो आणि ‘हो का भाऊजी, खरंच का भाऊजी’ सुरू झालेलं असतं. मोहोरानंतर कोकीळ. मग काटेसावर. मग शेवग्याची फुलं, जी त्यांच्या घरी भाजीतही पडतात. प्रत्येक गोष्टीचा वेगळा फोन. माणूस नोकरीत असताना कुठल्याशा कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. मला वाटतं, आलेला प्रत्येक माल लगेच वर कळवायची सवय तिथूनच लागली असावी.

त्यांचा पोशाखसुद्धा ऋतूप्रमाणे बदलतो. थंडीत करडा स्वेटर. होळी जवळ आली की स्वेटर कपाटात जातो आणि पांढरा सदरा, कापडी टोपी आणि खांद्याला एक पिशवी अशी मूर्ती सगळीकडे दिसू लागते. त्या पिशवीत दुर्बीण, पाण्याची बाटली, सुरी, मिठाची पुडी आणि एक नारळ कायम असतो. सुरी आणि मीठ कैरी दिसली तर असावं म्हणून. नारळ कशासाठी, असं मी एकदा विचारलं. ‘कुठेही गेलं तरी हात मोकळा नसावा’ एवढंच त्यांनी सांगितलं. मी कुठेही जातो तेव्हा माझ्या हातात मोबाइल असतो, आणि तो कुणाला देता येत नाही.

एका मार्चमध्ये ते आमच्याकडे जेवायला आले होते. आमच्या दिवाणखान्याची मोठी खिडकी खाडीकडे आहे. घर घेताना मी त्या खिडकीवरच भाळलो होतो. चार वर्षं रोज मी त्या खिडकीत उभा राहून चहा पीत होतो आणि पलीकडच्या नव्या टॉवरचे मजले मोजत होतो. साडूभाऊंनी खिडकीत उभं राहून पिशवीतून दुर्बीण काढली, जरा वेळ बघितलं आणि अगदी हळू आवाजात माझ्या मुलीला हाक मारली. ओहोटीच्या चिखलावर दूर गुलाबी पट्टा होता. फ्लेमिंगो. शेकड्यांनी. मुलगी नाचायला लागली, बायको हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली. मी त्या पट्ट्याला चार वर्षं कसलं तरी प्लास्टिक समजत होतो. खिडकी माझी, खाडी माझ्या खिडकीतली, आणि पाहुण्याने येऊन माझ्याच घरच्यांना ती दाखवावी. त्या दिवशी मला श्रीखंड गोड लागलं नाही. आता त्या खिडकीला आमच्या घरी ‘भाऊजींची खिडकी’ म्हणतात.

पाडव्याचं तर बोलायलाच नको. नववर्षाची स्वागतयात्रा ठाण्यातही निघते, चांगली मोठी निघते, ढोल-ताशे असतात, लेझीम असते, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली असतात. हे सगळं मी दरवर्षी घरात पटवून देतो आणि दरवर्षी सकाळी आम्ही डोंबिवलीला असतो. साडूभाऊंच्या गल्लीत तोवर फेट्यांची रांग लागलेली असते. निम्म्या गल्लीचे फेटे हा माणूस बांधतो. समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी वर करायची, कापड एकदा झटकायचं, आणि बोलता बोलता फेटा तयार. एका वर्षी मी चिडून व्हिडिओ बघून घरूनच फेटा बांधून गेलो. यात्रा पहिल्या चौकात पोहोचली तेव्हा फेट्याचं शेपूट माझ्या कमरेपर्यंत आलं होतं आणि दुसऱ्या चौकात मी ते उपरण्यासारखं गळ्यात घेतलं. साडूभाऊ हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, दोन बोटांनी हनुवटी वर केली आणि सगळ्या यात्रेसमोर नीट फेटा बांधून दिला. तो फेटा संध्याकाळपर्यंत जरासुद्धा हलला नाही. मला तो रागाने काढून टाकायचा होता, पण फोटोत मी पहिल्यांदाच बरा दिसत होतो. गुढीला लागणाऱ्या साखरेच्या गाठीही तेच आणतात, कल्याणच्या जुन्या बाजारातल्या कुठल्याशा भट्टीवरून. मी मॉलमधून आणलेल्या गाठी बायको शेजाऱ्यांना देऊन टाकते.

तर अशा परिस्थितीत माणसाला एखादी इच्छा होणं साहजिक आहे. माझी इच्छा फार मोठी नव्हती. वसंतातली एक, फक्त एकच गोष्ट अशी असावी जी माझ्या घरच्यांना मी दाखवेन आणि साडूभाऊ मागे उभे राहून ‘अरे वा’ म्हणतील. आणि दोन वर्षांपूर्वी ती माझ्या दारात चालून आली. आमच्या गेटशी एक कोळीण मावशी मासे घेऊन बसते. खाडीकाठी तिचं जुनं गाव आहे, टॉवरांच्या मागे दडलेलं. एक दिवस पापलेट साफ करता करता ती म्हणाली की आमच्या गावच्या होळीला या, गावात मोठी होळी लागते, बायका नाचतात, घरटी नैवेद्य येतो. मी त्याच दुपारी डोंबिवलीला फोन केला. साडूभाऊंना सांगितलं की आमच्याकडे खरी कोळ्यांची होळी असते, आतली माणसं असल्याशिवाय कळत नाही, मला खास बोलावणं आहे, तुम्ही सगळे या.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘कधी म्हणालात?’’

होळीच्या दिवशी संध्याकाळी, मी म्हटलं, होळी आणखी कधी असते. पुन्हा जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘‘येतो. सगळेच येतो.’’

त्या शांततेचा अर्थ मी माझ्या परीने लावला. साडूभाऊंना हेवा वाटला होता. इतक्या वर्षांनी का होईना, वाटला होता. मी आठवडाभर शीळ घालत फिरत होतो. बायकोने दोनदा विचारलं की तब्येत बरी आहे ना.

होळीच्या संध्याकाळी आम्ही सगळे नटूनथटून त्या गावात गेलो. मी पुढे, मागे बायको, मुलगी, मेहुणी आणि शेवटी पिशवी घेतलेले साडूभाऊ. देवळासमोरच्या पटांगणात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. पताका अर्ध्या सुटल्या होत्या. मधोमध राखेचं मोठं वर्तुळ होतं आणि त्यात एका बुंध्याचं टोक अजून धुमसत होतं. एक कुत्रं कडेला ऊब घेत झोपलं होतं. मी तिथल्या एका माणसाला विचारलं, होळी कुठे आहे? त्याने माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. त्यांच्या गावची मोठी होळी आदल्या संध्याकाळीच लागते. पूर्वीपासून तसंच आहे. मावशीने दिवस सांगितला नव्हता, कारण होळी दुसऱ्या कुठल्या दिवशी असते हे तिच्या डोक्यातच नव्हतं, आणि माझ्या डोक्यात भिंतीवरचं कॅलेंडर होतं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथे लिहीत नाही. मुलगी म्हणाली, एवढंच? मला वाटलं, त्या राखेत कुत्र्याशेजारी आपणही आडवं व्हावं.

तेवढ्यात साडूभाऊ पुढे झाले. ‘‘वा साडूभाऊ,’’ ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘गर्दीत नुसता धूर मिळतो. निखारे मिळतात ते असे शांतपणे आलं तर.’’ त्यांनी एक काटकी घेऊन राख बाजूला केली. खाली लाल निखारे होते. पिशवीतला नारळ निघाला आणि निखाऱ्यांत गेला. मेहुणीने पुरणपोळ्यांचा डबा उघडला. मुलीच्या कपाळाला त्यांनी राखेचा टिळा लावला, मग बायकोच्या, मग माझ्या. माझी हनुवटी त्यांनी पुन्हा दोन बोटांनी वर केली. नारळ तडकला, भाजलेल्या खोबऱ्याचा वास सुटला, आणि रिकाम्या पटांगणात आम्ही रचलेल्या खुर्च्या खाली काढून गोल करून बसलो. मुलगी आजही म्हणते की तिच्या आयुष्यातली सगळ्यात छान होळी ती. काळोख पडायच्या आत आम्ही उठलो.

निघताना मी खुर्च्या परत रचत होतो. गर्दी नसल्यामुळे मला मागचं सगळं ऐकू येत होतं. मासेवाली मावशी कुठूनशी आली होती. मला वाटलं ती मला शोधतेय. ती थेट साडूभाऊंकडे गेली.

‘‘काल का नाय आलास रं दादूस?’’ ती म्हणाली. ‘‘दरवर्साला येतस. तुजी वाट बगली आमी सगल्यांनी.’’

साडूभाऊंनी तिला हळू बोल अशी खूण केली. ‘‘काल नाही जमलं, मावशी,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या साडूभाऊंचं आजचं आमंत्रण होतं.’’

माझ्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता. तो मी बराच वेळ चावत राहिलो. फोनवरच्या त्या शांततेत या माणसाने आपली दरवर्षीची होळी सोडून दिली होती. एका शब्दाने त्यांना माझी चूक दुरुस्त करता आली असती, पण मग बोलावणारा मी राहिलो नसतो. मला त्यांचा हेवा आयुष्यभर वाटत आला, पण त्या क्षणी वाटला तितका कधीच वाटला नव्हता. फुलं, पक्षी, फेटे सोडा, चांगुलपणातसुद्धा हा गृहस्थ माझ्या आधी जाऊन बसला होता. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. घरी जाताना बायको म्हणाली, तुमचा दिवस चुकला तेच बरं झालं.

गेल्या दिवाळीनंतर साडूभाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एरवी घरात न सापडणारा माणूस गॅलरीतल्या फांदीखाली खुर्चीवर बसू लागला. या वर्षी मोहोराचा फोन आला, पण तो सकाळी उशिरा आला, आणि त्यांच्या पहाटेच्या फोनवर इतकी वर्षं चिडलेला मी त्या दिवशी उगाच अस्वस्थ झालो. बोलता बोलता ते म्हणाले की येऊरच्या चढावर वळणाशी एक पळस आहे, दरवर्षी तोच आधी फुलतो, या वर्षी मला काही जमणार नाही, तुम्ही जवळ आहात, जरा बघून सांगाल का.

रविवारी मी गेलो. वळणावर पळस होता आणि तो नुसता पेटला होता. एक पान नाही, सगळं झाड केशरी. रस्त्यावर मी एकटाच होतो. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो. मी फोटो काढला, घरच्या ग्रुपवर ‘या वर्षीचा पहिला’ असं लिहिलं आणि अंगठा पाठवायच्या बटणावर धरून उभा राहिलो. मग ते खोडलं आणि डोंबिवलीला फोन लावला. म्हटलं, नाही हो, अजून नुसत्या काळ्या कळ्या आहेत. पुढच्या रविवारी तुम्हीच या, रिक्षाने वर जाऊ.

ते आले. हातात काठी, खांद्याला पिशवी, पांढरा सदरा. रिक्षात मध्ये ते, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको. रिक्षावाल्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की वळणावर हळू घे, आणि वळण आलं तसा मी मान दुसरीकडे वळवून बसलो. साडूभाऊंनी माझं मनगट धरलं.

‘‘साडूभाऊ, थांबवा. तो बघा.’’

अरे हो की, मी म्हटलं. बायको म्हणाली, बघा, पाय दुखतोय तरी भाऊजींनाच आधी दिसतो, तुम्ही भलतीकडे बघत होतात. आम्ही खाली उतरलो. झाडाखाली गळलेल्या फुलांचा जाड थर पडला होता. वरची ताजी, खालची पार सुकून काळी पडलेली. मी हा विचारच केला नव्हता. साडूभाऊ काठी टेकून त्या सड्याकडे बघत उभे राहिले, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘‘गेल्या रविवारी कळ्या होत्या म्हणालात ना?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

‘‘बरोबर,’’ ते म्हणाले. ‘‘घाई करतो कधी कधी.’’

रिक्षाकडे परत जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पूर्वीपेक्षा जड होता. आधारासाठी होता की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर बायकोने बहिणीला फोन करून सांगितलं की या वर्षीचाही पहिला पळस भाऊजींनीच दाखवला. मी भाऊजींच्या खिडकीत उभा राहून ते ऐकत होतो. आणि खोटं कशाला बोलू, थोडा हेवा तेव्हाही वाटलाच.