चंद्राची डावी बाजू

ब्रॉन मॅकलिश बिघडलेला पंप नुसत्या आवाजावरून ओळखायची, पण छापील कागद समोर आला की तिची जीभ टाळूला चिकटायची. जवळपास शाळा नव्हती, म्हणून बाराव्या वर्षी तिला ॲडलेडच्या वसतिगृहात धाडलं होतं. तिथल्या मुली तिला 'मेंढरू' म्हणायच्या. तीन वर्षं रडून काढून ती ब्रोकन हिल या खाणींच्या गावाच्याही पलीकडच्या, मेंढ्यांच्या या माळरानावर परत आली ती कायमची. म्हणून लेक हेटी सहा वर्षांची झाली तेव्हा तिने नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "माझी पोर वसतिगृहात जाणार नाही. मी शिकवीन तिला."

"तू?" डगल हसला. "सातचा पाढा येतो का तुला?"

"तुला येतो?"

विषय तिथेच मिटला.

घरी शिकवायचं तर सरकारी मान्यता लागते. ठरलेल्या मुदतीने सिडनीहून एक बाई येऊन वह्या तपासते. तिला काम पटलं नाही तर हेटीचं वसतिगृह ठरलेलंच. त्यामुळे तपासणी जवळ आली की ब्रॉन सगळ्या वह्या पुन्हा पुन्हा चाळत बसायची.

या वर्षी विषय होता अवकाश. हेटी आता नऊ वर्षांची होती. तिने घराजवळची पाण्याची टाकी पिवळी रंगवून तिचा सूर्य केला आणि त्या मापाने कुंपणाच्या खांबांवर ग्रह टांगत निघाली. हिशेबाने नेपच्यून दहा किलोमीटरवर, तिसऱ्या फाटकापलीकडे जात होता. "गुरूपर्यंत पेट्रोल माझं," डगल म्हणाला, "पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मग चंद्र. अमावास्येपासून पंधरा दिवस हेटी संध्याकाळी चाऱ्याच्या रिकाम्या पिंपावर चढून काळ्या पुठ्ठ्यावर खडूने चंद्र काढत होती. जेवण निवलं तरी हलत नसे. पंधराव्या दिवशी ब्रॉनने पुठ्ठा हातात घेतला, शेजारी पुस्तक उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. डगलच्या आत्याने इंग्लंडहून पाठवलेलं ते जाडजूड, रंगीत पुस्तक. त्यात चंद्र उजवीकडून भरत होता. हेटीचा भरत होता डावीकडून.

"हे काय? सगळे उलटे!"

"मला असेच दिसले."

"दिसले! पुस्तक लिहिणारे मूर्ख आणि तू शहाणी?"

"आई, मी रोज बघितलं गं."

"बघितलंस की झोपेत काढलंस? ती बाई आली की तोंडघशी पाडशील मला. पूस ते!"

हेटीने पुसलं. पुस्तक समोर ठेवून पंधराच्या पंधरा चंद्र पुन्हा काढले. ती रडली नाही. ब्रॉनला वाटलं, पोरीला पटलं.

पुढच्या महिन्यात नोरीन आली. तपासणीची बाई, पण स्वभावाने मोकळी. चहाबरोबर दोन केक खाल्ले, गुरूपर्यंत चालून आली, वह्या बघून मान डोलावत राहिली. दुपारचे तीन वाजले होते. सगळे पडवीत बसले होते आणि लोकर कातरायच्या शेडवर अर्धा चंद्र आला होता.

"अगं, हा बघ तुझा चंद्र," नोरीन म्हणाली. "सांग बरं, कुठली बाजू उजळलीय?"

"उजवी," हेटी म्हणाली. तिने मान वर केलीच नव्हती.

नोरीनने वर बघितलं, ब्रॉननेही बघितलं. डावी बाजू होती, अगदी लख्ख. चाळीस वर्षं या आभाळाखाली काढली आणि एकदाही नीट बघितलं नाही, या विचाराने ब्रॉनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डाव्या-उजव्याचा गोंधळ होतोय वाटतं," नोरीन हळूच म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहू लागली.

गप्प बसलं तर मान्यता मिळत होती. लेकीच्या नावावर एक बारीकशी चूक, एवढंच. ब्रॉन गप्प बसली. नोरीनची ओळ लिहून होईपर्यंत बसली. त्या ओळीची तिला पुढे जन्मभर लाज वाटली.

"खोडा ते," ती शेवटी म्हणाली. "पोरीने बरोबर काढले होते. मी पुसायला लावले. पुस्तकात तसं होतं म्हणून."

नोरीनने पुस्तक चाळलं आणि खो खो हसत सुटली. "बाई गं, हे इंग्लंडचं! ते पृथ्वीच्या वरच्या अर्ध्यात, त्यांच्या मानाने आपण उलटे उभे. त्यांना उजवीकडून भरतो, आपल्याला डावीकडून. मलाही पुठ्ठा बघून कळलं नव्हतं की!" तिने ओळ खोडली, मान्यतेवर सही केली आणि तिसरा केक रुमालात बांधून घेतला.

सरकारने ब्रॉनला पाच मिनिटांत माफ केलं.

गाडीची धूळ बसल्यावर तिने हेटीला जवळ घेतलं. "चुकले मी, बाळा. तू बरोबर होतीस. तुझे डोळे बरोबर होते. बघ ना वर, कुठली बाजू?"

हेटीने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आईच्या चेहऱ्याकडे वळली.

"तुला कुठली दिसते?"

"मला? डावी."

"मग डावी," हेटी म्हणाली.