बाबांच्या नावावरचा प्रवास

धुक्यामुळे दिल्लीचं विमान रद्द झालं. बाबा संभाजीनगरच्या विमानतळावरून बसने बुलढाण्याला परतले. त्याच आठवड्यात ते वारले.

ते माझ्याकडे यायला निघाले होते. विमानात कधी बसले नव्हते. तिकीट मी काढलं होतं, आणि निरोप वेळेवर मिळावेत म्हणून फोन नंबर त्यांचाच दिला होता.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं देणंघेणं तेरवीच्या आत उरकतात. मी वाचनालयाचं पुस्तक परत केलं, शेगावच्या मावशीची छत्री पोचवली, शिंप्याकडे पडलेली त्यांची पँट आणली. शिंपी शिलाई घेईना; आईने ती घ्यायला लावली. राहिलं विमानाचं तिकीट. आई म्हणाली, "त्यायचं कोनापाशी काही अडकून राहू नाई. तेवढं सोडवून आन."

कंपनीला फोन लावला. बराच वेळ कसलीशी धून वाजत राहिली, आणि माझा वेळ मोलाचा आहे असं मधूनमधून सांगितलं जात होतं. मग एक मुलगी बोलली. प्रवाशाला फोन द्या, म्हणाली. प्रवासी वारले, असं मी सांगितलं. तिने खेद व्यक्त केला आणि त्याच सुरात विचारलं, "मग ते कधी उपलब्ध होतील?"

मला किळस आली. ती समोरचं वाचून बोलत होती हे कळत होतं, तरी आली.

पैसे परत मिळणार नव्हते. ते पुढच्या प्रवासासाठी ठेवायला प्रवाशाने संमती दिली आहे, असं तिचं म्हणणं. मी बाबांचा फोन उघडला. ते परतले त्या संध्याकाळी कंपनीचा निरोप आला होता: रक्कम पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवत आहोत, मान्य असल्यास होय लिहा. पैसेच हवे असतील तर काय करायचं, ते पार खाली बारीक अक्षरात होतं. बाबा शिक्षक होते. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी लिहिलं होतं, "होय. हवामानापुढे आपलाही इलाज नाही. आपणास तसदी पडली, क्षमस्व."

मी मृत्यूचा दाखला जोडून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं ते बाबांच्या नावाने. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, असं त्यांनाच कळवलं होतं. जमा रक्कम दुसऱ्या कुणाच्या नावावर होत नाही, हेही कळवलं होतं. ते वाचून मी हात धुतले, कशासाठी ते सांगता येणार नाही.

तेरवीच्या पंगतीत काका बोललेच, "मास्तर जन्मभर एष्टीनं फिरला, अन् आता मेल्यावर त्याले विमानात बसवून राह्यले." दोघेतिघे हसले. आत आईला ऐकू गेलं.

पाहुणे पांगल्यावर तिने विचारलं, तिकडचं सुटलं का. मी तिला बाबांचं उत्तर वाचून दाखवलं. ती शेवटच्या शब्दापाशी थांबली.

"माफी त्यायनं काऊन मांगतली?"



बाबांच्या नावावर एक प्रवास जमा आहे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो चालतो.