चौघींत गाणारी एक

सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत आम्ही चौघी प्रार्थनेच्या गटात होतो. वडील खानदेशातून इथं कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेले. त्यामुळे घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि शाळेत प्रार्थनेतली मराठी, असा आमचा कारभार. पुढे लग्नं झाली. एक कडोदऱ्याला गेली, बाकी तिघी उधन्यातच राहिलो.

मागच्या वर्षी एका हळदीत चौघी भेटलो. डीजेवाल्याचं मशीन ऐनवेळी बंद पडलं, तसं आम्ही बसल्या जागी शाळेतली प्रार्थनाच सुरू केली. हळदीत प्रार्थना! बायका पोट धरून हसल्या, पण लगेच सोबत म्हणायलाही लागल्या. कडोदऱ्याची मैत्रीण जेवताना म्हणाली, "आपण गाण्याचा ग्रुप काढू या गं. हळद, बारसं, डोहाळजेवण, सगळीकडे गाऊ."

पहिला सराव माझ्या घरी ठरला. त्या दिवशी शेजारचे लूम बंद होते, त्यामुळे स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू आला. एकच ओळ म्हटली, तर सूर एकीचाच लागला.

मीच हळूच म्हणाले, "मला शाळेत प्रार्थनेच्या बाईंनी सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव."

"तुलाही?" कडोदऱ्याची ओरडली. "मला वाटलं, मलाच!"

साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम करणारी तिसरी पदरात तोंड घालून गदगदा हसत होती. तिलाही तेच सांगितलेलं. राहिली चौथी. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपल्यासोबत आणखी तीन गळे आहेत.

"तरीच रोज माझा घसा बसायचा, मेल्यांनो!" ती म्हणाली.

आतून नवऱ्यानं विचारलं, "काय व्हयनं व?" काय झालं ते त्याला सांगायला गेले, तर पुन्हा हसूच फुटलं.

मग तीच आमची बाई झाली. भाजी निवडता निवडता तिनं आमच्याकडून सूर घोटून घेतले. शेजारच्या गुजराती मावशींनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं, तरी सुनेच्या डोहाळजेवणाला आम्हालाच बोलावलं. याला धाडस म्हणतात.

नेमका त्याच दिवशी आमच्या या नव्या बाईचा आवाज गेला. आदल्या दिवशी तिनं बर्फाचा गोळा खाल्ला होता, तोही काला खट्टा. तिनं खुणेनंच सांगितलं, तुम्ही गा, आणि स्टीलचं ताट घेऊन ठेका धरला.

गायलो. पहिलं कडवं घसरलं, दुसरं सावरलं. तिसऱ्याला बायकांनी टाळ्या धरल्या. इतक्यात सून पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाळानं लाथ मारली!"

"दाद देतंय," कडोदऱ्याची म्हणाली.

"नाहीतर पळायला बघतंय," टिकल्यावाली म्हणाली.

मावशी मात्र डोळे पुसत म्हणाल्या, "बेन, फरी गाओ ने!" पुन्हा गायलो. मावशींची बहीण बारडोलीहून आली होती. तिनं तिथंच आपल्या मुलीच्या हळदीचं आमंत्रण दिलं. जाताना तिनं माझा हात धरून विचारलं, "लहानपणापासून गाता का?"

चौथी माझ्याकडे बघत होती. मी तिला पुढे ओढत म्हटलं, "हो, ही गाते."