काळी चारची पट्टी

कॉम्प्युटरवर गाणं करायचं म्हणजे आधी ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं ते ठरवावं लागतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी तात्यांना शब्दच दिला नसता. तात्या म्हणजे माझे वडील. निरवांगीला आमच्या वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला तात्या गाणार हे ठरलेलंच असायचं. पण त्या वर्षी पेटीवाला लोणी देवकरला कारखान्यात लागला, त्याला रजा मिळेना. ढोलकीवाला त्याच्या आधीच पार्टी सोडून गेला होता. तात्या हातावर हात ठेवून बसले. "औंदा न्हाय गात," म्हणाले. मला ते बघवेना. मी बारामतीत कॉम्प्युटर क्लासला शिकवायचे, तोंडातून निघून गेलं, "तात्या, वाजवायला माणूस कशाला पायजे? मी कॉम्प्युटरवर बसवते की!"

बोलायला काय जातंय! जयंतीला तीन आठवडे होते.

नव्वदचं दशक संपत आलेलं. क्लासमध्ये एका मासिकाबरोबर आलेली सीडी होती, तिच्यात गाणी तयार करायची दोन सॉफ्टवेअर निघाली. एकात पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अख्खी पेटी दिसायची. स्वर वाजला की ती पट्टी पिवळी व्हायची. दिसायला झकास, पण ते नमुन्यापुरतं दिलेलं, त्यात काही सेव्ह व्हायचं नाही. एका बैठकीत गाणं करा, वायर जोडून टेपरेकॉर्डरवर घ्या, नाहीतर मशीन बंद झालं की सगळं पाण्यात. दुसरं फुकटचं. त्यात सेव्ह व्हायचं, पण पेटीबिटी काही नाही. नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, रकान्यामागून रकाने. एसटी स्टँडवरचं वेळापत्रक वाचून गाणं म्हणावं तसला प्रकार.

मी अर्थातच पेटीवालं घेतलं. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असायचा, तेवढाच वेळ सरांनी मला दिला होता. बारामतीत दुपारी लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. एक डोळा पडद्यावर, एक वरच्या पंख्यावर. दोनदा गाणं अर्ध्यावर असताना लाईट गेली. दुसऱ्यांदा मी काळ्या पडद्यासमोर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला तात्या स्वतःच क्लासला आले. धुतलेला सदरा, खांद्यावर टॉवेल. पडद्यावरची पेटी बघून हरखलेच. काचेवर बोट टेकवून म्हणाले, "हितं हाय बघ. ही माझी काळी चार."

गाणारा माणूस कुठल्या पट्टीत गातो ही त्याची ओळख असते. तात्यांची काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरायचा, बरीच उंच. घरच्या पेटीवर त्यांनी त्या पट्टीला आईची लाल टिकली चिकटवून ठेवली होती, नव्या पेटीवाल्यानं चुकू नये म्हणून.

"म्हणून बघा ना तात्या," म्हणत मी त्या दुपारी जमवलेलं संगीत सुरू केलं.

मुखडा छान झाला. अंतऱ्याला वर चढताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी खाकरून पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. "बारामतीचं पाणी बाधलं," ते म्हणाले आणि टॉवेलनं तोंड पुसलं. मी म्हणाले, "व्हय, उन्हातनं आलाय तुमी." बाहेर रसवंतीत बसवून त्यांना रस पाजला, एसटीत बसवलं. पाणी नव्हतं बाधलं. तात्यांचा गळा उतरला होता, आणि ते त्यांना सांगायचं कुणी? काळी चार झेपत नाही असं त्यांना म्हटलं असतं तर त्यांनी गाणंच सोडलं असतं. आणि न सांगावं तर सगळ्या वस्तीसमोर आवाज फाटणार.

कॉम्प्युटरवर अख्खं गाणं खाली उतरवणं एका मिनिटाचं काम. मधली पांढरी धरून दोन घरं खाली आणलं की काळी तीन. पण पेटीवाल्या सॉफ्टवेअरमध्ये भलतीच पट्टी पिवळी झालेली तात्यांना लांबूनही दिसली असती, आणि तयार झालं की पडद्यावर बघायला येतो असं ते बजावून गेले होते. आकड्यांमध्ये त्यांना काय कळणार होतं?

मग मी आकड्यांचं सॉफ्टवेअर घेतलं. तात्यांना सांगितलं, "त्यात लाईट गेली तरी गाणं जात न्हाय." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. चार दुपारी खपून गाणं बसवलं, काळी तीनमध्ये. तात्या आले, पळते आकडे बघितले, म्हणाले, "ह्यात काळी चार कुठाय?" मी कुठल्या तरी रकान्यावर बोट ठेवलं. त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. मी कॅसेट भरून दिली, ती घेऊन ते गावी गेले. दोन दिवसांनी मी घरी पोचल्यावर विचारलं, "ऐकली का?" "ऐकली. झ्याक हाय," एवढंच बोलले.

जयंतीच्या संध्याकाळी समाजमंदिरापुढं स्टेज. मी खाली टेपरेकॉर्डरपाशी, बोट बटणावर. वंदना झाली, तात्यांचं नाव पुकारलं. ते बसले आणि त्यांनी घरची पेटी पुढ्यात ओढली.

पेटी कशाला आणली? आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गायन पार्टीत गाणं कधी एकदम सुरू होतं का? आधी गाणारा बिनसाथीचा शेर म्हणतो, पेटीचा एकच सूर धरून, आणि मग वाद्यं उचलतात. लहानपणापासून शेकडो वेळा बघितलेलं, आणि मी सपशेल विसरले होते! क्लासमध्ये शेराशिवाय थेट संगीतच सुरू केलेलं ना. आता तात्या टिकलीवर बोट ठेवणार, काळी चारमध्ये शेर म्हणणार, आणि माझं संगीत दोन घरं खाली येऊन आदळणार. सगळी वस्ती हसणार. अगं बाई, काय करून ठेवलंस हे! स्टेजवर धावत जावं म्हटलं तर त्यांचं बोट पट्टीवर टेकलंही होतं.

तात्यांनी भाता हलवला. एक सूर लागला.

गेले आठ दिवस तो सूर माझ्या कानात घुमत होता. काळी तीन. तात्यांनी शेर म्हटला, भरल्या आवाजात, कुठंही न अडखळता. मान हलवून माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. अंतऱ्याला आवाज वर गेला आणि वर राहिला. मला समोरचं काही दिसेना, डोळे भरून आले होते.

सगळं आटोपल्यावर पेटी उचलायला मी स्टेजवर गेले. भाता बंद करताना पट्ट्यांकडे लक्ष गेलं. काळी चारवर टिकलीच्या डिंकाचा नुसता गोल डाग होता. टिकली काळी तीनवर होती, नीट दाबून चिकटवलेली.

तात्या मागंच उभे होते. टॉवेलनं मान पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काळी चारलाच गायलो न्हवं?"

मी पेटीचं झाकण लावलं.

"व्हय तात्या," मी म्हणाले. "काळी चारलाच."