सरासरी माणसाचा साडू

पुढच्या पंचवीस वर्षांत आमच्या भागात कुठल्या दुपारी किती वीज लागेल हे सांगू शकणारा, आणि आज घरी किती पानं घ्यायची हे मात्र सांगू न शकणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बरकतपुऱ्यातल्या घरात बसून तो संगणकावर सगळा प्रदेश मांडतो: ऊन, वारा, शेतातले पंप, लोकांचे कूलर. मग काय केलं तर किती कोळसा वाचेल हे सरकारी नियोजनवाल्यांना सांगायचं, हा त्याचा धंदा. साध्या प्रश्नालाही तो तीन शक्यता सांगतो. "चहा घेणार का?" विचारलं की पहिलीत अर्धा कप, दुसरीत पूर्ण, तिसरीत नको, तोवर माझी बायको चहा ओतून मोकळी होते.

गेल्या वर्षी त्याच्या आराखड्याचं घोडं एका जागी अडलं. लोकांनी कपडे धुण्याचं मशीन, टाकीची मोटर भर दुपारी, उन्हाच्या विजेवर चालवली, तर संध्याकाळचा कोळसा कमी करता येणार होता. पण लोक ऐकतील का? पुराव्यासाठी त्यानं माझी निवड केली. मी जरा सुखावलो.

"तू अगदी सरासरी आहेस," तो प्रेमानं म्हणाला, "तू हललास तर कुणीही हलेल." आणि अंबरपेठेतल्या माझ्या मीटरला एक नोंदी घेणारं यंत्र लावून गेला.

मी घरूनच काम करतो, म्हणजे दुपारी घरीच असतो, आडवा. उठून मशीन लावणं काही माझ्याच्यानं होईना. दोन-चार दिवस वाट पाहून तोच भर उन्हात स्कूटरवरून येऊ लागला. मशीन सुरू करायचा, मोटर लावायचा आणि घाम पुसत माझा आलेख पाहून हरखायचा. "बघ, कसा बदललास!" हळूहळू मलाही स्वतःचा अभिमान वाटू लागला.

नियोजनवाल्यांच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी तो आलेख पाहून विचारलं, "ये आदमी इत्ता सुधरा कैसा?" साडूला खोटं बोलता येत नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. साहेब हसून हसून बेजार झाले. "तो फिर हरेक घर कू जाके तुमीच बटन दबाते क्या, साब?"

आराखडा मंजूर झाला, पण लोक बदलणार नाहीत असं धरून. संध्याकाळचा कोळसा होता तिथेच राहिला. यंत्र काढायला आला तेव्हा चहाला त्यानं एकच शक्यता सांगितली: नको. मला फार वाईट वाटलं. त्याच्या एवढ्या मोठ्या प्रदेशाला माझी वामकुक्षी नडली होती.

परवा दुपारी मी आपणहून उठलो, मशीन लावलं आणि त्याला फोन करून सांगितलं. त्यानं नेमकी वेळ विचारून घेतली. मग म्हणाला, "एका माणसाचं काही धरत नाहीत रे."

पण फोन मात्र ठेवेना.