दहा पावलांवरचं लिंबू

ज्यानं चाक बांधलं त्यानंच त्यावर पहिल्यांदा बसायचं, असा आमच्या दुकानाचा नियम आहे. राजाजीनगरात अण्णांचं सायकलचं दुकान आहे, त्यांच्या वडिलांपासूनचं, आणि नियमही वडिलांचाच. साध्या सायकलीला त्यात विशेष काही नाही. दोन गल्ल्या फिरून यायचं, झालं. पण त्या वर्षी मी बांधलेलं चाक उभं केलं की माझ्या छातीला लागायचं.

मल्लेश्वरमच्या एका रिटायर्ड इंजिनियरांना जुन्या काळातली उंच चाकाची सायकल हवी होती. पुढं भलंमोठं चाक, मागं ताटाएवढं, दोन्हींना जोडणारा वाकवलेला पाइप आणि सीट थेट मोठ्या चाकाच्या डोक्यावर. चेन नाही. पायडल पुढच्या चाकालाच, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, मधे विसावा नाही. चाक गिऱ्हाइकाच्या पायांच्या मापाचं करावं लागतं. इंजिनियर ठेंगणे होते, म्हणून माझेही पाय पुरले.

पाइप अण्णांनी वाकवला. साठ स्पोकांचं चाक माझ्याकडं आलं. चाक डावी-उजवीकडं डुलतं त्याला आम्ही आऊट म्हणतो, आणि तो काढणं हे माझं काम. मी लातूरकडची. नववीत शाळा सुटली, मावशीबरोबर आनेकलच्या एका कारखान्यात पॅकिंगला आले, तो बंद पडल्यावर इकडं खोली घेतली. एकदा दुकानावरून जाताना आतून मराठी ऐकू आलं, मधेमधे कन्नडचं स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, असं मिसळलेलं, पण मराठीच. मी पायरीवर थांबले. अण्णांनी दाखला मागितला नाही, कितवी शिकलीस विचारलं नाही. एक डुलतं चाक हातात दिलं आणि म्हणाले, "हे बघत बस. कुठं चुकतंय ते सांग." त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. तरी मालाबद्दल कुणी मला काही विचारलं की तोंडातून एकच निघायचं, "अण्णा सांगतील."

सायकल तयार झाल्यावर इंजिनियर बघायला आले. मोठ्या चाकाभोवती फिरले.

"चाक तुम्हीच बांधलंत ना?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"नाही. हिनं," अण्णा म्हणाले.

"हं." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग परत चाकाकडं. "आयुधपूजेला येतो. माझ्यासमोर चालवून दाखवा. चाक पटलं तर नेतो, नाहीतर राहू दे."

नेली नसती तर अण्णा मला एका शब्दानं बोलले नसते. मला तेच नको होतं.

आठ दिवस मी पहाटे शाळेच्या मैदानावर शिकले. ही सायकल थांबलेली असताना तिच्यावर बसताच येत नाही. हँडल धरून मागं उभं राहायचं, डावा पाय लहान चाकावरच्या खुंटीवर, उजव्यानं जमीन ढकलत सायकल पळवायची, आणि वेग आला की अंग वर टाकून फिरते पायडल पकडायचे. उतरतानाही तसंच, मागं न बघता पायानं खुंटी शोधायची. ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढं जातो. तो धडा मी दुसऱ्याच दिवशी घेतला. कोपराला खूण आहे. आठव्या दिवशी मात्र मी मैदानाला सलग चार फेऱ्या मारल्या.

पूजेच्या, म्हणजे आपल्याकडच्या खंडेनवमीच्या, सकाळी दुकानातल्या सगळ्या सायकली धुऊन रांगेत लावल्या. पान्यांना, पंपाला हळद-कुंकू. उंच सायकलच्या हँडलला झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना केळीचे कोंब. अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, आरती ओवाळली आणि सगळ्या गाड्यांना ठेवतो तसं दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडीनं लिंबू चिरडलं की पूजा पुरी. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की ही गाडी इतर गाड्यांसारखी सुटत नाही.

मी हँडल धरलं. खुंटीवर पाय ठेवून भार दिला. लहान चाक लिंबावर चढलं, लिंबू फुटून सटकलं, सायकल आडवी गेली. मी उडी मारून वाचले, हँडल फरशीवर आपटलं.

"चाक वाकडं आहे," इंजिनियर म्हणाले. ते ओरडले नाहीत. आधीच ठाऊक असल्यासारखं म्हणाले.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. सायकल मी उचलली. पुढचं चाक वर धरून फिरवलं आणि रिमला लागेल न लागेल असं नख धरलं. कुठंच घासलं नाही. त्यांना मी वाकून बघायला लावलं.

"चाक सरळ आहे," मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले. "लिंबाची जागा चुकली." मग अक्कांकडं वळून, "अक्का, नवं लिंबू द्या. एकच. दहा पावलांवर ठेवायचंय."

"लिंबू चाकाखाली ठेवतात गं, रस्त्यात नाही! देव काय तिथं चालत जाणारेय?"

"ही गाडी आधी पळते, मग माणूस बसतो. देवाला स्वल्प थांबू द्या."

अण्णा हसले. "सरी. दे तिला."

दहा पावलं मीच मोजली. मग ढकलत निघाले. तिसऱ्या ढकलीला अंग वर टाकलं, पायडल पायाखाली आले, आणि लिंबू कधी गेलं ते कळलंही नाही. फक्त वास आला. गल्ली खाली गेली. कंपाउंडच्या भिंतीपलीकडची रांगोळी दिसली, माळा घातलेल्या रिक्षांची टपं दिसली, केळीचं पान कानाला लागत होतं. "निधाना! निधाना!" मागून इंजिनियर सावकाश जा म्हणून ओरडत होते. सावकाश जाणं माझ्या हातात नव्हतं, पण चाक माझ्या हातचं होतं. पायांना त्याची एकसारखी फिरकी कळत होती, एवढाही डोल नाही. कोपऱ्यावरून वळून परत आले, वेग कमी केला, पायानं खुंटी शोधली आणि दुकानासमोर उतरले.

इंजिनियरांनी स्वतः नख लावून चाक फिरवलं. मग अण्णांना विचारलं, "किती दिवस असं राहील?"

अण्णांनी पान तोंडात टाकलं.

"महिनाभर चालवून आणा," मी म्हणाले. "नवे स्पोक बसतात, दोन-तीन ढिले पडतील. तेवढे ओढून देते. मग वर्षभर बघायला नको."

ते त्याच दिवशी सायकल टेम्पोत घालून घेऊन गेले.

महिन्यानं परत आले. अण्णा गल्ल्यावर होते. त्यांना नमस्कार करून इंजिनियर सायकल ढकलत थेट माझ्याकडं, आत आले. तीन स्पोक ढिले होते.